पोटातला पडदा

लेकीच्या पोटातून काढलेल्या पाण्याची पिशवी फिदेलिनाने कॅलेंडरवर धरली. रोज त्या पाण्यातून तारखा वाचता यायच्या. आज नुसते काळे डाग दिसले. पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं.

"आई, पोटात सुया टोचतायत." नोएमी गुडघे छातीशी घेऊन भिंतीकडे वळून पडली होती. चौदा वर्षांची पोर, पण दहाचीच वाटायची.

"बोलू नकोस. पडून राहा," फिदेलिना फटकन म्हणाली आणि मग तिने लेकीच्या कपाळावरचे केस हळूच मागे सारले.

खोलीत पलंग, टेबल, भिंतीवरचं कॅलेंडर आणि पिशव्या टांगायचा खांब सोडला तर काही नव्हतं. पडदे, पंखा, देवांच्या तसबिरीसुद्धा बाहेर गेल्या होत्या. नोएमीची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा ग्वादालाहारा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ पडदा असतो. तो भिंतीला चिकटून जातो आणि तोच मागे वळून आतडी, जठर, यकृत यांना गुंडाळून घेतो. दोन पदरांच्या मध्ये एरवी ओलाव्यापुरतंच पाणी असतं. आता तिथे नळीने औषधी पाणी सोडायचं आणि काही तासांनी काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्या पडद्यातून पाझरून पाण्यात येते. "जंतू गेला की पडदा सुजतो. जाड झाला की गाळेनासा होतो. तेवढं सांभाळा."

फिदेलिनाला तो पडदा ठाऊक होता. तळ्याकाठच्या धक्क्यावर मासे साफ करण्यात तिचा जन्म गेला. मासा चिरला की पोटाला आतून चिकटलेली ती काळसर, चकाकती साल अंगठ्याने खरवडायची आणि पेलिकन पक्ष्यांपुढे भिरकावायची. कचरा. त्याच कचऱ्यावर लेकीचा जीव आहे हे ऐकल्यापासून तिने सुरी हातात धरली नव्हती. हात कोपरापर्यंत घासून घासून तिची कातडी भेगाळली होती.

दारात सासू येऊन उभी राहिली. दोन्या काएताना, काळी शाल, हातात रश्श्याचं भांडं. "काय झालं गं?"

"आत येऊ नका. तोंड बांधा आधी."

"बांधते, बाई. सारखी काय खेकसतेस."

"परवा देवी आली होती. मी गिरणीवर गेले तेव्हा खोलीत कोण आलं होतं?"

ऑक्टोबरात देवीची मूर्ती घरोघर फिरते, प्रत्येक घरी एक रात्र राहते. फिदेलिनाने मखर अंगणात, पेरूच्या झाडाखाली मांडलं होतं. धूप, फुलं, माणसं सगळं बाहेर.

पलंगावरून, वळून न बघता, नोएमी म्हणाली, "आजीला ओरडू नकोस."

"काय केलंत?"

"देवी सगळ्यांच्या घरात जाते. आजारी पोरीलाच तेवढं दार बंद? आळी काय म्हणेल?"

"आळीचं नका सांगू मला. तुम्ही काय केलंत?"

"दोन थेंब घातले." म्हातारीने भांडं खाली ठेवलं. "देवीच्या पायांवरचं पाणी. तू रोज एवढं पाणी सोडतेस तिच्या पोटात, त्यात दोन थेंब देवीचे. म्हटलं, गुण येईल."

"नळीचं टोपण उघडलंत?"

"हात धुतले होते मी."

"आणि ते पाणी कुठलं?"

"तळ्याचं. सगळे तळ्याचंच आणतात."

"माझ्या लेकीच्या पोटात तळं ओतलंत." हे ती हळू बोलली. पुढचं पेरूखाली बसलेल्या शेजारणींनाही ऐकू गेलं. "दोन वर्षं मी या खोलीत माशी येऊ दिली नाही. तिचा बाप उत्तरेतून, सीमेपलीकडच्या कामावरून आला, त्याला लेकीला जवळ घेऊ दिलं नाही. तो रडत परत गेला. आणि तुम्ही?"

"मी काय वैरीण आहे तिची?"

"वैरीण असतात तर दारातच अडवलं असतं."

शहरातल्या दवाखान्यात नेल्यावर नोएमीचा ताप उतरला, पण डॉक्टरीणबाईंनी नळी काढून टाकली. पडदा जाड झाला होता, जागोजागी चिकटला होता. आता रक्त यंत्रातून धुवायचं. एक दिवसाआड पहाटेची बस पकडायची आणि यंत्र रिकामं असलं तर नशीब. फिदेलिना सगळं ऐकत होती. डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर ठेवलेला हात तिने झटकून टाकला.

घरी आल्यावर नोएमीला झोप लागली. फिदेलिनाने खोलीची खिडकी सताड उघडली. पिशव्यांचा खांब कोपऱ्यात ढकलला, इतक्या जोरात की भिंतीचा पोपडा पडला. धक्क्यावरचा मासळीचा वास आत आला. त्याला अडवायचं आता काही कारण नव्हतं.

बाहेरच्या मोरीत पाणी वाजत होतं, बराच वेळ. तिने डोकावून पाहिलं. दोन्या काएताना तोंडाला फडकं बांधून हात धूत होती. कोपरापर्यंत, एकेक बोट, एकेक नख, फिदेलिनाने तिला कितीदा ओरडून शिकवलं होतं तसं. मग ओले हात वर धरून ती दाराबाहेर उभी राहिली. उंबरठ्याला तिने पाय लावला नाही.

"येऊ?"

आता त्याची गरज नाही, हे फिदेलिनाच्या ओठांपर्यंत आलं. राग तिळभर कमी झाला नव्हता. तिने दोरीवरचा धुतलेला टॉवेल ओढला, नियमाप्रमाणे फक्त कोपऱ्याला धरून, आणि सासूपुढे केला.