मेरुनाथांचं कडं आणि डावी टाच

परळच्या चाळीमागचं सभागृह दारापर्यंत भरलं होतं. स्टेजवर कोंडीरामकाका छातीवर गोल्फची काठी आडवी धरून उभे होते. त्यांची कंबर धरलेली आहे हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. शेजारी रेशमी झब्ब्यातले मेरुनाथजी.

"काका, पाय जमिनीला चिकटवा. हलवायचे नाहीत. आता उजवीकडे वळा. हळू, जोर नको."

काका कण्हत वळले. काठीचं टोक बाजूच्या सूचनाफलकापाशी अडलं.

"बघा. मेरू म्हणजे कणा. मेरू जाम, तो लाइफ जाम," म्हणत मेरुनाथजींनी काकांच्या मनगटात एक काळपट कडं चढवलं. "यात हिमालयातल्या खडकाची फ्रीक्वेन्सी लॉक केलेली आहे. परदेशातले मोठमोठे गोल्फर हे घालून खेळतात, फक्त सांगत नाहीत. आता श्वास सोडा. अंग मोकळं. ऊर्जा नेईल तिथवर जा."

काका वळले ते वळतच गेले. टोक फलक ओलांडून पार मागच्या दरवाजाकडे वळलं. टाळ्या पडल्या. जे खेळाडू सांगतच नाहीत, त्यांचं गुपित यांना कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही.

"आणि हे मी नाही म्हणत," मेरुनाथजी हसले. "तुमच्या चाळीचा मुलगा, गोल्फ कोच अभय सर सांगतील."

अभय उठला आणि त्याने हात जोडले. लोअर परळच्या जुन्या गिरणीत, जिथे आता पडद्यावर गोल्फ खेळतात, तिथे तो शिकवत असे. तिथल्याच एका बड्या मेंबरने मेरुनाथजींना आणलं होतं. कड्याने मेंबरांची कंबर वळताना अभयने पाहिली आणि त्याला पटलं. मग त्याने तसंच एक कडं आईला घातलं, आणि त्याच्या शब्दावर चाळीतल्या बऱ्याच जणांनीही तशी कडी घेतली.

त्याची आई, सुंदराबाई, घरात पडल्या तेव्हापासून त्यांचा खांदा आखडला होता. अभयची बायको सीमा फिजिओथेरपिस्ट. ती सासूकडून रोज व्यायाम करून घेत होती. "कड्याला काम करू द्या, ताण देऊ नका," असं मेरुनाथजींनी सांगितलं आणि अभयने व्यायाम बंद करायला लावला. सीमा भांडली, पण आईने मुलाचं ऐकलं. आता त्यांचा हात केसांपर्यंतही जात नव्हता. आजही त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, हातात तेच कडं.

अभय बोलायला लागणार, तोच मागून सीमा पुढे आली.

"काका, अजून एकदा वळाल? कडं माझ्याकडे द्या. मी रुमालात गुंडाळून तुमच्या मनगटाला बांधते."

तिने पाठ फिरवून रुमाल गुंडाळला आणि बांधला. काका वळले. टोक मघापेक्षाही पुढे गेलं. पुन्हा टाळ्या. सीमाने रुमाल सोडला. आत तिचा केसांचा रबर होता.

मागचे लोक उठून बघू लागले.

"ऊर्जा अंगात उतरलीय," मेरुनाथजी शांतपणे म्हणाले. "अब रबर बांधो या धागा, काम करणारच."

"मग आता कडं आणि ऊर्जा दोन्ही असू देत," म्हणत सीमाने कडं काकांना परत घातलं, खाली बसली आणि त्यांच्या डाव्या पावलावर तळवा ठेवला. "टाच उचलू नका. वळा."

टोक सूचनाफलकाच्या जरा पुढे जाऊन अडलं.

अभयची नजर त्या पावलावर गेली. डावी टाच! ताठ कमरेच्या प्रत्येक मेंबरला तो हेच शिकवायचा: मागे वळताना डावी टाच जमिनीवरून सुटू द्या, म्हणजे कंबर फिरेल, खांदे मागोमाग येतील. मेरुनाथजी आधी पाय बांधून ठेवत होते, मग 'मोकळं व्हा' म्हणत होते. सगळे काठीचं टोक बघत होते. तोही टोकच बघत होता. ज्याचा पगार तो घेत होता, नेमकं तेच त्याला दिसलं नव्हतं.

"कोच," सीमा म्हणाली, "सांगा ना."

गप्प बसता आलं असतं. पहिल्या रांगेकडे न बघता तो बोलला. "टाच सुटली की माणूस जास्त वळतो. शिवाय पहिल्यांदा वळल्याने स्नायू सैल होतात, आणि दुसऱ्या वेळी कुठवर जायचं ते डोळ्यांना माहीत असतं. यात कड्याचं काही नाही. हे मला ओळखता यायला हवं होतं. मी नुसता भुललो नाही, माझ्या शब्दावर तुम्हालाही भुलवलं. कुणी असा चमत्कार दाखवला तर एवढंच करा. ती वस्तू काढा आणि बाकी सगळं तसंच ठेवून पुन्हा करून बघा."

मेरुनाथजींनी 'अश्रद्धेने फ्रीक्वेन्सी तुटते' असं काहीतरी पुटपुटत पेटी बंद केली. त्यांना कुणी अडवलं नाही. बरेच जण आपापली मनगटं झाकून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभयने आईला भिंतीपाशी उभं केलं. बोटांनी भिंत चढायची होती. बोटं छातीच्या उंचीवरच थांबली आणि आईने ओठ आवळले. खांदा पूर्ण सुटेलच असं नाही, हे सीमाने रात्रीच सांगितलं होतं.

"आई, मी..."

"आपल्या घरात कधी कुणी अंगारा लावला नाही," सुंदराबाई म्हणाल्या. "बाबासाहेबांच्या फोटोखाली तू अभ्यास केलास. हे दुसऱ्या कुणी दिलं असतं तर मी शंभर प्रश्न विचारले असते. तू दिलंस, म्हणून एकही विचारला नाही."

अभयला मान वर करता आली नाही. "यापुढे विचार," तो म्हणाला. "मलासुद्धा विचार."

त्यांनी बोटं पुन्हा भिंतीला लावली.

"मग आत्ताच सांग. ही बोटं भिंतीवर चढवून माझा खांदा कसा काय सुटणार?"

अभय त्यांच्याजवळ सरकला आणि पहिल्यापासून समजावून सांगू लागला.