श्रुतिकाने जिना दुरुस्त केला

आमचा हर्षद इंजिनियर आहे. कसला, ते मला विचारू नका, त्यालाही धड सांगता येत नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर बोटं आपटतो आणि घरात खिळा ठोकायचा म्हटलं की मोबाइलवर व्हिडिओ लावून बसतो. त्याच्या बाबांनी ह्या विक्रोळीच्या खोलीत माळा काढला, वर जायला लाकडी जिना केला, तोही स्वतःच्या हाताने. ते गेले. जिना आता पाय ठेवला की कुरकुरतो.

लग्न झाल्यापासून हर्षद आणि श्रुतिका, म्हणजे माझी सून, माळ्यावर झोपतात. मी खाली. पायरी वाजली की मी विचारते, कोण गं, कुठे चाललीस. घरातल्या माणसाने नाही विचारायचं तर कोणी? पण साहेबांना त्याचा राग. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "आई, हा आवाज बंद नाही ना झाला, तर आम्ही मुलुंडला राहायला जातो. फ्लॅट बघून ठेवलाय."

ह्या वयात मी एकटी राहू? आणि हे डोकं हर्षदचं नव्हे, ते मी तेव्हाच ओळखलं. एवढी अक्कल त्याच्यात कुठली? बायकोने कान भरले.

रविवारी हर्षद कामाला लागला. व्हिडिओतला गोरा फटींत कसलीशी पावडर भरत होता. ह्याने म्हटलं, पावडर कशाला, आपल्याकडे खोबरेल आहे की. आम्ही कोकणातली माणसं केसांना, गुडघ्यांना, दाराच्या बिजागरीला खोबरेलच लावतो, म्हणून ह्या शहाण्याने लाकडात आख्खी बाटली ओतली. झालं. मुंग्यांची रांग लागली, आणि हा स्वतःच घसरून ढुंगणावर आपटला. जिना कुरकुरायचा तो कुरकुरतच राहिला.

मग बाईसाहेब उठल्या. मुलुंडच्या कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर आहे ना, चार माणसं हाताखाली, त्यामुळे नाक सदा वर. आईबाप लहानपणीच गेले, मामाकडे वाढली, वळण लावणार कोण? साबणाच्या पाण्याने तेल पुसलं आणि शिरली जिन्याखाली. मला म्हणाली, "आई, तुम्ही चढा. वाजेल तिथे थांबा." मी थांबायचं आणि तिने खालून लाकडाची पाचर ठोकायची, स्क्रू पिळायचा. केसांत जळमटं, तोंडावर भुसा. सुनेचं हे ध्यान.

संध्याकाळपर्यंत जिना गप्प. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरगा घरात राहणार होता. पण तिला चांगलं म्हणायचं म्हणजे डोक्यावर बसवून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं कामावरून येऊन वर गेली. मी जिन्याकडे पाठ करून विळीवर मासे कापत होते, शेजारी फोन, फोनवर माझी घाटकोपरची बहीण कुंदा. तिच्याशी मी आमच्या मालवणीतच बोलते. म्हटलं, "अगो, जिनो दुरुस्त केल्यान तर काय उपकार केल्यान? माझ्या झिलाक, हर्षदाक, माझ्यापासून तोडूक बघता ती. आईबापाशिवाय वाढलेली, तिका घराची किंमत काय ठावक?"

मागे कोणी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले. श्रुतिका होती, रिकामे कप घेऊन. कधी उतरली, कळलंच नाही. तिने कप मोरीत ठेवले, हात पुसले.

"हर्षद," तिने वर पाहून हाक मारली. "त्या फ्लॅटवाल्याला हो म्हणून सांग."

"काय?" तो वरून म्हणाला. "अगं, इतके दिवस तूच अडवत होतीस ना? आईला एकटं टाकायचं नाही म्हणून माझ्याशी भांडलीस. जिनाही तूच नीट केलास."

"हो, केला," श्रुतिका म्हणाली. "तू फोन लाव."