आईची बाजू

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण टणकन वाजलं आणि लगेच घर पुन्हा चिडीचूप झालं. श्वास रोखून उभ्या असलेल्या मुलीची शांतता आईला बरोबर ओळखू येते.

ती आरशासमोरून उठली. दुपारी मुलगी झोपली की थोडा वेळ आरशासमोर बसायचं, असा तिचा नेम होता. आधी मनात काहीतरी गमतीचं आणायचं, मग दातांवर दात हळूच दाबायचे. ओठाचा उजवा कोपरा वर जातो का ते बघायचं, क्षणभर धरायचं आणि सोडायचं. स्नायूला आपलं नवं काम कळायला वेळ लागतो, घाई करू नका, असं व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं. काहींना पुढे पुढे दात न दाबताही जमतं. सगळ्यांना नाही, हेही त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितलं होतं.

खारू स्टुलावर चढून ओट्याला टेकली होती. दोन्ही गाल फुगलेले. गालांत खाऊ साठवून ठेवायच्या खोडीमुळेच तिला घरात खारू म्हणत. शाळेतलं नाव फक्त शाळेत चालायचं. जेवणाआधी बिस्किटं नाहीत आणि स्टुलावर तर अजिबात चढायचं नाही, हे कालच सांगून झालं होतं. आईने दारातच दात आवळले.

खारूने तिच्या तोंडाकडे पाहिलं, खुदकन हसली आणि डब्यातून आणखी एक बिस्किट काढलं.

ते बिस्किट आईने हिसकावून घेतलं तेव्हा खारूचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग तिला रडू फुटलं. बिस्किट गेल्याचं ते रडणं नव्हतं.

"तू हसलीस ना," ती हुंदक्यांमधून म्हणाली. "मी बघितलं. तू हसलीस."

कानापुढची गाठ आईला चष्म्यामुळे कळली होती. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर फ्रेमी बसवून देणं हे तिचं काम. दांडी गरम करायची, बोटाने हलकेच वाकवायची, पुन्हा कानावर चढवून बघायची. चष्मा वाकडा बसतोय म्हणून कुणी कुरकुर केली की ती हसून सांगायची, कुणाचेच दोन कान एका रेषेत नसतात, आत्ता नीट करून देते. तिच्या स्वतःच्या चष्म्याची उजवी दांडी कानापुढे टोचायला लागली, तेव्हा तिने तीही तशीच थोडी बाहेर वाकवली. काही आठवड्यांनी पुन्हा टोचली, पुन्हा वाकवली. दोष फ्रेमीचा नाही, हे लक्षात यायला तिला, जिचं सारं कामच चेहरे बघायचं होतं, बराच वेळ लागला.

खारू तेव्हा अंगावर पीत होती. गाठ लाळेच्या ग्रंथीत होती आणि चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीतूनच जाते, असं सर्जनने कागदावर झाडाच्या फांद्यांसारखं चित्र काढून समजावलं होतं. गाठीने नेमकं खोडच धरलं होतं. नस वाचवायची तर गाठ मागे उरणार. तिने विचार करायला वेळ मागितला नाही. नस गेली आणि तिच्याबरोबर उजवा अर्धा चेहरा गेला. डोळा मिटेना, चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचा. किरणांचे उपचार सुरू झाले तेव्हा खारूला अंगावरून तोडावं लागलं.

आईचा चेहरा खारू शिकली तो हा असा. तिला त्यात काही खटकत नव्हतं. मांडीवर बसली की ती लोंबलेला कोपरा बोटाने वर ढकलायची, बोट काढलं की तो पुन्हा खाली यायचा, आणि दोघी हसायच्या. एक पूर्ण, एक अर्धी.

खटकलं ते दुकानात. कुणी वावगं बोललं नाही. मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, एवढंच म्हणाले की तुम्ही आता आत काचा घासायच्या मशीनवर बसत जा, गिऱ्हाइकांची कटकट नको, तुम्हालाच आराम. आत खिडकी नव्हती. काउंटरवर नवी मुलगी उभी राहिली आणि फ्रेमी कानाच्या वरती तरंगत ठेवून देऊ लागली. गिऱ्हाइकांची कुरकुर आतून ऐकू यायची, दिसायचं काही नाही. तिने दुसऱ्या ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, आम्हाला कुणाला काही फरक पडत नाही. तो प्रेमानेच म्हणाला होता. तुम्हाला पडत नाही रे, ती म्हणाली, तू कुठे तो चेहरा घेऊन कामावर जातोस.

चावायच्या कामी येणारा एक स्नायू असतो, कानशिलावरचा. त्याचं टोक सोडवून ओठाच्या कोपऱ्याला जोडतात. मग दात दाबले की कोपरा वर उचलला जातो आणि बघणाऱ्याला माणूस हसल्यासारखं दिसतं. डाव्या बाजूने आपलं आपण हसायचं, उजवीकडे दात दाबायचे, आणि दोन्हीचा मेळ साधायचा. सूज उतरल्यावर, सराव झाल्यावर तिला तो साधू लागला. काकांनी तिला पुन्हा काउंटरवर घेतलं, शिवाय नवी मुलगी हाताखाली दिली.

चावायच्या स्नायूला हसण्याचं काम लावलं, पण चावायचं काम त्याच्याकडून काढून कुणी घेतलं नव्हतं. जेवताना तिचा उजवा कोपरा घासागणिक वर जायचा. सासूबाई खूश. माझ्या हातचं खाताना सून कशी हसत जेवते, आधी कधी एवढी कदर नव्हती, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नवरा म्हणे, मेथीला हसलीस ते समजलं, पण कारल्यालाही हसतेस म्हणजे कमाल आहे. ती पण हसायची, मग नीट घास गिळता यायचा नाही.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ गेले तेव्हा मात्र पंचाईत झाली. ती त्यांच्या बायकोला भेटायला गेली. बाई जवळ येऊन बिलगल्या, तशी रडू आवरायला तिने सवयीने दात घट्ट मिटले. समोरच्या काचेच्या कपाटात तिला स्वतःचं तोंड दिसलं. उरलेला वेळ ती रुमाल तोंडाला लावून बसली. लोकांना वाटलं, फार लावून घेतलं हिने.

बिस्किटांच्या त्या दुपारनंतर खारूला समजावण्याचं काम नवऱ्याकडे आलं. त्याने बरीच फिरवाफिरव करून सांगितलं की आईच्या या गालात दातांचं बटण बसवलंय, ते दाबलं जातं तेव्हा ती हसलेली दिसते, पण दर वेळी हसलेली असतेच असं नाही. मग कसं कळणार, खारूने विचारलं. तिने आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पुढे झाली आणि तिने आपला तळहात आईच्या उजव्या गालावर सपाट ठेवला. ओठाचा तो कोपरा पूर्ण झाकला गेला. उरला फक्त डावा अर्धा.

"ही आईची बाजू," ती म्हणाली. "इकडे बघायचं."

तेव्हापासून तेच चालू झालं. नवा फ्रॉक आवडला का, गोष्ट खरंच मजेची होती का, शाळेतून उशिरा आल्याबद्दल राग आहे का. खारू यायची, गाल झाकायची, निकाल बघायची आणि जायची. सासूबाई म्हणाल्या, पोरगी पुढे पोलिसात जाणार. आईला दिवसातून कितीदा तरी तो लहान, बहुतेक वेळा चिकट हात गालावर यायचा. त्या गालाला स्पर्श नीटसा कळत नसे. ऊब तेवढी कळायची.

तपासणीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि सासूबाई मुलीकडे गेलेल्या, म्हणून खारू बरोबर आली. हसू बसवणारा डॉक्टर तिला बघायचाच होता.

सर्जन खुशीत होता. त्याने आईला खुर्चीत बसवलं, वरचा दिवा ओढून चेहऱ्यावर घेतला, ओठ मिटायला लावले, हसायला लावलं, पारदर्शक पट्टी धरून दोन्ही कोपऱ्यांची उंची मोजली. मग फोनवर चित्रीकरण केलं. शिकाऊ डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का, असं विचारलं. चालेल, ती म्हणाली. खारूने न सांगताच पुढे येऊन गाल झाकला आणि परीक्षा कशी घ्यायची ते दाखवलं. दोन्ही बाजू पास झाल्या. सर्जन मोठ्याने हसला आणि बक्षीस म्हणून ती पट्टी त्याने तिच्या हातात दिली. खारू पट्टी डोळ्यांसमोर धरून खिडकी बघू लागली.

शेवटी नेहमीप्रमाणे मान. तो मागे उभा राहिला. बोटं जबड्याखालून निघाली, कानामागून मानेच्या कडेने खाली उतरू लागली. एकीकडे तो खारूला विचारत होता, तुमच्या वर्गात सगळ्यात मस्तीखोर कोण. मीच, खारू म्हणाली. बोटं थांबली, थोडी वर गेली, पुन्हा त्याच जागी आली.

"मान जरा इकडे झुकवा. सैल सोडा."

तिने सैल सोडली.

"काय म्हणालीस, वर्गात मस्तीखोर कोण?" त्याने विचारलं.

"मीच. सांगितलं ना."

तो पुढे येऊन बसला. त्याने आवाज बदलला नाही, फक्त उतरवला.

"एक बारीकसं लागतंय हाताला. त्याच बाजूला, मानेत. कशाचंही असू शकतं. सुईने तपासून घेऊ."

"कधी?"

"आलाच आहात तर आजच. खाली नंबर लावा, मी फोन करून ठेवतो."

एकदा त्याची तारीख मिळायला किती थांबावं लागलं होतं, ते तिला आठवलं. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दांड्या दोन्ही बोटांनी नीट बसवल्या. बसलेल्याच होत्या.

खालच्या मजल्यावर भिंतीला लागून बाक होते. समोर एक आजोबा बसले होते, गळ्याला पाडलेल्या छिद्रावर जाळीचं पांढरं फडकं बांधलेलं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण खारूने गाल फुगवले की तेही फुगवायचे, आणि खारू हसून लोळायची. थोड्या वेळाने त्यांना आत बोलावलं. वेळ लागेल, तू जेवून घे, एवढंच आईने नवऱ्याला फोनवर लिहिलं.

खारूला भूक लागली होती. आईने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि सगळाच तिच्या हातात दिला. खारूने आधी पुड्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"सगळी?"

"हो. खा."

खारूने खायला सुरुवात केली. पाय हलवत, एकेक, सावकाश. पट्टी तिने काखेत धरली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, आता छान हसता येतं तुमच्या आईला."

"मग घरी जायचं?"

"थोडं थांबायचंय."

आतून एक नाव पुकारलं गेलं. आईचं नव्हतं. तिच्या डाव्या डोळ्यात पाणी भरून आलं. खारूसमोर ते खाली पडू द्यायचं नव्हतं, म्हणून तिने दातांवर दात ठेवले आणि घट्ट दाबले. ओठाचा उजवा कोपरा वर उचलला गेला, सुरेख, सर्जनने पट्टीने मोजला होता तेवढाच.

ते बघून खारूही हसली. मग तिने पुडा बाकावर ठेवला, बाकावर गुडघे टेकून उभी राहिली आणि बिस्किटाच्या चुऱ्याने भरलेला हात आईच्या उजव्या गालावर सपाट ठेवला. तिने डावी बाजू बघितली.

"आई, आज तुझी बाजू का हसत नाहीये?"