परत आलेली केसर

मी केसर बोलतेय. नाव ऐकून कुणाला वाटेल, मोठ्या जातीची असेन. पण मी साधी गावठी कुत्री, रंग तेवढा केशरी. जन्म काशीदचा, किनाऱ्यावरच्या एका बंद टपरीखाली. लहान असतानाच गाडीचा धक्का लागून माझा मागचा पाय मोडला, आणि कुणीतरी मला किहीमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात आणून सोडलं.

हा निवारा सरोजिनीताईंचा, त्यांच्या नारळाच्या वाडीतच. तिथे माझा पाय बरा झाला, थोडं लंगडणं राहिलं. मग एकदा हर्षद आणि प्राप्ती हे नवं जोडपं मला न्यायला आलं.

"माझी एकच अट आहे," ताई म्हणाल्या. "हिचं तुमच्याकडे नाही जमलं, तर इथेच परत आणायची. परस्पर कुणाला द्यायची नाही, रस्त्यावर सोडायची नाही."

"परत कशाला आणू, ताई?" प्राप्ती हसून म्हणाली आणि तिने मला उचलून घेतलं.

त्यांचं घर अलिबागला, तिसऱ्या मजल्यावर. माणसं फार मायेची. पण सकाळी दोघं कामाला गेली आणि दार लागलं, की माझा जीव घाबराघुबरा व्हायचा. मी दिवसभर रडायचे, नखांतून रक्त येईस्तोवर दार ओरबाडायचे. प्राप्ती संध्याकाळी माझे पंजे पुसत बसायची. त्यांनी घरात रेडिओ लावून ठेवला, रजा काढल्या, मला शेजाऱ्यांकडे ठेवून पाहिलं. काही केल्या जमेना. शेवटी घरमालकाने बजावलं, कुत्री ठेवायची तर घर सोडा.

एका सकाळी त्यांनी मला गाडीत बसवलं. मला वाटलं, फिरायला निघालोय. गाडी काशीदला थांबली.

"ही इथलीच आहे," हर्षद म्हणाला. "हॉटेलवाले घालतील खायला."

त्याने दार उघडलं तशी मी वाळूत धावत सुटले. वळून पाहिलं, तर दार बंद झालं होतं आणि गाडी निघाली होती.

मी मागे धावले. पाय साथ देईना, तरी धावले. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. प्राप्ती उतरली आणि तिथेच रस्त्याकडेला मला पोटाशी धरून बसली.

"ताईंना फोन लाव," ती म्हणाली.

"कुठल्या तोंडाने लावू? बोलतील त्या."

"बोलू देत."

हर्षदने फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"जेवलीय का ती?" ताईंनी पलीकडून विचारलं.

"नाही."

"मग घेऊन या तिला."

निवाऱ्यात ताईंनी मला भात घातला, त्या दोघांना चहा दिला. मग एकेक विचारत गेल्या. मी कधी रडते, कोण जवळ असलं की शांत होते.

"आम्ही तिला सोडून निघालो होतो, ताई," हर्षद मान खाली घालून म्हणाला.

"पण आणलीत ना," ताई म्हणाल्या. "हिला दिवसभर माणसाची सोबत लागते, हे मलाही ठाऊक नव्हतं. आता तसंच घर बघते."

ती दोघं गेली तेव्हा मी फाटकाशी बसून राहिले. नंतर मला न्यायला बरीच माणसं आली, पण दिवसभर घर बंद असतं म्हणणाऱ्यांना ताईंनी दुसरी कुत्री दाखवली.

मग आतल्या बाजूच्या, भातशेतीच्या एका गावातून क्रांती आली. तिची घरातच पिठाची गिरणी.

"ही एकटी राहत नाही," ताईंनी आधीच सांगितलं.

"एकटी कशाला राहील? मला तरी गिरण सोडून कुठं जाता येतंय. दार उघडंच असतंय, बसू दे दारात."

"आधी थोडे दिवस ठेवून बघ. नाही जमलं तर..."

"तर घेऊन येईन. पन जमंल, काय होत न्हाय."

आणि जमलं. गिरणीच्या घरघरीत मला गाढ झोप लागते.

परवा हर्षद आणि प्राप्ती भेटायला आले. मी त्यांचे हात चाटले, आणि मग क्रांतीच्या पायाशी जाऊन पडले. प्राप्तीने डोळे पुसले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि हर्षदने कितीतरी दिवसांनी सोडावा तसा श्वास सोडला.

तुमच्यापैकी कुणाला आमचं करणं नाही जमलं, तर जिथून आणलं तिथे फोन करा. कुणी बोलेल या भीतीने गाडी किनाऱ्याकडे वळवू नका. माझी गाडी थांबली. सगळ्यांची थांबत नाही.

दळण आटोपलंय. क्रांती माझ्या पाठीवरचं पीठ झटकून भाकरी कुस्करायला बसलीय. येते मी.