वरचा सूर

“दर भजनात वरचा सूर आमीच लावाचा का वं?” शेजारची वच्छला माझ्या कानाशी कुरकुरली, अन् तरी लावलाच.

आमच्या ह्यांची ती युक्तीच होती. गाण्यात उंच जागा आली की पेटीवरचा हात वर करायचे, अन् बायका ओळ उचलायच्या. अमरावतीजवळची खेडी म्हणायची, केवढा दिलदार गवय्या, साऱ्यांना गाऊ देतो!

एकदा अकोल्याला उतरलेल्या नाटक मंडळीनं ह्यांना गाणं ऐकवायला बोलावलं. मंडळीत जायचंच म्हणून ह्यांनी आधीच आमच्या फुलमळ्याला गिऱ्हाईक पाहून ठेवलं. मी पेटी वाजवायला सोबत गेले.

तिथं हे उभे राहून गायले, अन् उंच जागा आली. ह्यांनी हात वर केला. शहरची माणसं सभ्य, कोणी तोंड उघडलं नाही. हात वरच राहिला.

“फार मजेशीर उभे राहिलात,” मंडळीचे मालक हसत म्हणाले. “विदूषकाची जागा रिकामी आहे आमच्याकडे.”

बडनेऱ्याला गाडी बदलताना हे खुशीत होते. “एकदा मंडळीत शिरलो का गाणंही देतील. उद्याच मळा इकून टाकतो.”

“मळा इकू नका,” मी म्हणाले. “तुमाले गाता येत नाही.”