कुलपाचा शीन

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेयर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझी जात पाहिलेलीही नसेल. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. ते हातानं चपटा आकार काढून दाखवतील, मग त्यांना एखादं गाणं आठवेल, ते गुणगुणत बसतील आणि तुमचा प्रश्न राहूनच जाईल. सध्या मी ज्या गावात असतो तिथं मला ‘सीडीचा डब्बा’ म्हणतात. मी वाईट वाटून घेत नाही. डब्यात काहीतरी असतं म्हणूनच त्याला डबा म्हणतात.

माझा जन्म एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे माझ्यासारखाच एक, मागे माझ्यासारखाच एक. एका बाईनं चिमट्यानं माझ्या पोटात वाटाण्याहून लहान असा काचेचा डोळा बसवला. तबकडी गरगर फिरते आणि हा डोळा तिच्यावरचं बारीक लिखाण वाचतो. वाचतो मी, दाखवतो टीव्ही, आणि शाबासकी मिळते हिरोला. चालायचंच.

तिथून मी आलो ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, सुनिलभाऊंच्या क्वार्टरमध्ये. काय मान होता माझा! सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारचे लोक आपापल्या खुर्च्या घेऊन यायचे. दसऱ्याला मोटारसायकलीची पूजा झाली की माझ्याही कपाळावर हळदकुंकू. एका वर्षी अक्षतेचा दाणा माझ्या खाचेत गेला आणि मी दोन दिवस करकर वाजत होतो. सुनिलभाऊ म्हणाले, “याले पूजा मानवली नाई.”

मग मोबाइल आले. ज्याचा सिनेमा त्याच्या तळहातावर. मी कपाटावर गेलो, अंगावर जुना पेपर, पेपरावर धूळ. किती वर्षं गेली ते मोजलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी सुनिलभाऊंची बहीण वच्छला आली. तिनं मान वर करून विचारलं, “दादा, हा बिघडला काय?”

“बिघडला नाई, पण आता पायते कोण?”

“मंग दे मले.”

असे मी आणि बत्तीस तबकड्या एका पिशवीत बसून मूल नावाच्या गावाला उतरलो, आणि तिथून पुढे जंगलाला लागलेल्या तिच्या गावी गेलो. वच्छलाचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची लेक दिव्यानी. दिव्यानीचं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. सासर कोरपन्याकडे, नवरा अंकुश सिमेंटच्या कारखान्यात कामाला. तेंदूपत्त्याच्या हंगामाला मदत म्हणून ती माहेरी आली होती, आणि आता परत जायचं नाव काढत नव्हती.

वच्छला रोज विचारायची, “मारते काय तुले?”

“नाई.”

“पेते काय?”

“नाई.”

“मंग काऊन नाई जात?”

यावर दिव्यानी उठून अंगण झाडायला लागायची. शुक्रवारी अंकुश तिला न्यायला येणार होता, आणि वच्छलानं लेकीची बॅग भरून दारामागे ठेवून दिली होती. लेकीला पाठवायचं तिच्या मनात नव्हतं, पण कारण कळल्याशिवाय जावयाला नाही कसं म्हणायचं?

आता तेंदूपत्त्याचं काम कसं चालतं ते सांगतो. बाया पहाटे घोळक्यानं जंगलात जातात, एकटीनं कोणी जात नाही. ऊन चढायच्या आत पानं तोडून परततात. मग दुपारभर सावलीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात सत्तर पानं. पाच-पाच पानांचा एक हात, असे चौदा हात झाले की सालीच्या दोरीनं गाठ. बांधलेला पुडा ओळीत मांडायचा, एकाला लागून एक. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात तिथं, न्यायचे. तिथला तपासणारा मधूनच एखादा पुडा उचलून मोजतो. पानं कमी निघाली तर सगळीच ओळ बाजूला सारतो.

या कामात हात गुंतलेले, डोळे मोकळे. म्हणून वच्छलानं टीव्ही आणि मला वसरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, आणून मांडलं. शेजारच्या दोघी रोज येऊ लागल्या. एक शकुबाई, वयानं सगळ्यात मोठी, दिव्यानी तिला आजी म्हणायची. दुसरी मंगली, जिचं तोंड जंगलातल्या झऱ्यासारखं उन्हाळ्यातही आटत नाही.

मित्रांनो, मी हे सिनेमे शेकडो वेळा वाचलेले. त्यांच्याबद्दल माझी पक्की मतं होती. त्या वसरीत ती एकेक करून ढिली झाली.

एक सिनेमा होता वाघाचा. हिरो वाघाशी झोंबतो, त्याला उताणा पाडतो. ऊर्जानगरला या जागी शिट्ट्या वाजायच्या. इथं मंगलीनं पानं खाली ठेवली आणि नीट पाहिलं. “वाघ उपाशी दिसते बिचारा. त्याले कोणी बोलावलं होतं इथी?” मी पुन्हा विचार केला. खरंच, त्या मारामारीत सगळ्यात चांगलं काम वाघानंच केलं होतं आणि त्याचं नाव सुरुवातीच्या नावांच्या पाटीवरही नव्हतं.

एक भुताचा. पांढऱ्या लुगड्यातली बाई दिवा घेऊन रानात गात फिरते. “हिले कामधंदा नाई काय वं?” मंगली म्हणाली. “मोहफुलं वेचाले घेऊन जाऊ हिले. टोपली भरली की गाणं बंद होते.” तेव्हापासून मला त्या सिनेमाची भीती वाटेनाशी झाली, आणि माझ्या मते भुताच्या सिनेमाचं याहून मोठं नुकसान होऊ शकत नाही.

एक रडका. आईनं लहानपणी हरवलेला लेक शेवटच्या दहा मिनिटांत ओळखला. त्यावर शकुबाई डोळे पुसत म्हणाली, “माय हाय का कोण? चालीवरून ओळखते माय. इतका वेळ का लागते?” रडताना तक्रार करणारा प्रेक्षक मला फार आवडतो.

आणि एक विनोदी सिनेमा. तो सगळ्यांचा लाडका, माझाही. त्यात हिरॉईनला दुसऱ्या शहरात नोकरी लागते. तिनं जाऊ नये म्हणून हिरो तिला खोलीत कोंडतो, बाहेरून कुलूप लावतो आणि किल्ली बोटावर फिरवत दाराशी टेकून गाणं म्हणतो. ती आतून दार बडवते, खिडकीतून उशा फेकते, आणि तिसऱ्या कडव्याला हसते. हा शीन लोकांनी इतक्या वेळा मागं घेऊन पाहिला की तो मला न वाचताही पाठ आहे. माझं मत होतं की बत्तीस तबकड्यांत याच्यासारखा शीन नाही. खोटं कशाला बोलू?

बुधवारी दुपारी तो शीन लागला. मंगली हसली, वच्छला हसली, शकुबाई दात नसलेल्या तोंडानं हसली. दिव्यानी मान खाली घालून पानं लावत राहिली.

सिनेमा संपायला आला तेव्हा शकुबाईनं दिव्यानीच्या ओळीतला एक पुडा सहज उचलला. तळहातावर तोलला. दोरी सोडून मोजला. साठ पानं. पुढचा उचलला. पंच्याऐंशी.

“लहानपणापासून तुह्या हातचा पुडा फळीवर कोणी मोजत नाई, पोरी,” ती म्हणाली. “आज काय झालं?”

मग ती ओळीच्या पहिल्या टोकापासून एकेक पुडा हातात घेत गेली. सत्तर, सत्तर, सत्तर. सतराव्या पुड्यापाशी तिचा हात थांबला. तिथून पुढचे सगळे चुकलेले.

“सतरावा पुडा बांधून राह्यली होतीस तवा टीव्हीवर काय चालू होतं?”

“कुलपाचा शीन,” मंगली म्हणाली. “दिव्यानी सोळा झाले म्हणाली, तवाच लागला. थांब आजी, मांग घेऊ दे.”

मी मागं गेलो. पुन्हा ते कुलूप, पुन्हा ती किल्ली. दिव्यानीच्या हातातली पानं गळून पडली.

“थांबव वं,” शकुबाई म्हणाली. मंगलीनं बटण दाबलं. टीव्हीवर हिरॉईन दारावर मूठ उगारून तशीच उभी राहिली.

 मग दिव्यानीनंच विचारलं, “आजी, त्या खोलीत पाण्याचा गुंड होता काय?”

गुंड म्हणजे पाण्याची घागर. सिनेमातल्या खोलीत तिला ती कशाला हवी होती?

“आमचा बाहेर रायते, आंगणात,” ती म्हणाली. “संडासही बाहेर. ते ड्यूटीवर जाते तवा कुलूप लावून जाते. कधी दुपारी येते, कधी डबल ड्यूटी लागली तं अंधार पडल्यावर. शेजारची बाई खिडकीतून पाणी देऊन पाहे. मीच नाई म्हणो. पाणी पेलं तं मंग बाहेर कसं जावं?”

वच्छलाच्या मांडीवरचा पुडा सुटला होता. “इतके दिवस सांगतलं काऊन नाई, बाई?”

“का सांगू? तू इचारे, मारते काय. मारत तं नाई.”

वच्छला उठली. दारामागची बॅग उघडली आणि एकेक कपडा काढून पुन्हा दांडीवर टाकू लागली. धुतलेले, वाळलेले कपडे ती अशी झटकत होती की जणू त्यांना माती लागली होती.

शुक्रवारी अंकुश आला. मूलहून जिलेबी घेऊन, सगळ्यांच्या पाया पडत. माणूस गोड बोलणारा. वच्छलानं त्याला पाणी दिलं आणि तो पिऊन होईपर्यंत थांबली.

“दिव्यानी नाई येत, जवाई.”

“काऊन मामी? मी बोट तरी लावलं काय तिले? दिवस खराब हायेत. एकटी बाई घरात. काळजी वाटते म्हणून कुलूप लावतो.”

“काळजीची कडी आतून रायते,” वच्छला म्हणाली. “जिची काळजी तिच्या हातात.”

 अंकुश रागावेल असं मला वाटलं होतं, सिनेमात तसंच होतं. पण तो रिकाम्या पेल्याकडे पाहत राहिला. “आमच्या घरी बाबाही कुलूप लावे,” तो हळूच म्हणाला. “माय कधी काई बोलली नाई.”

“तिले कोणी इचारलं होतं काय?” शकुबाई म्हणाली.

तेव्हा दिव्यानी दारात आली. चौकट घट्ट धरून तिनं सगळं एका दमात सांगितलं. “संडास आत असन अन् चाबी माह्याजवळ रायन, अशी खोली पाहा. मंग या. मंग मी सांगीन, येईन का नाई ते.”

तो एकटाच परत गेला. येईल की नाही ते मला माहीत नाही. मी फक्त जुन्या गोष्टी वाचू शकतो.

मित्रांनो, आता माझा डोळा अधू झाला आहे. वच्छला मऊ फडक्यानं माझी धूळ पुसते, तबकड्या कडेला धरून उचलते, आणि एवढ्या बळावर मी अजून चालतो. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी कपाटावर पडला असेल तर त्याला खाली काढा, पुसा, एखादा जुना सिनेमा लावा. सगळे मिळून पाहा. जुने सिनेमे वाईट नसतात. पण ते एका माणसाच्या बाजूनं सांगितलेले असतात, आणि दुसरं माणूस कधीकधी तुमच्याच शेजारी बसलेलं असतं.

म्हणून जिथं सगळे हसतील तिथं टीव्हीवरची नजर काढून जरा बाजूला बघा. कोणी हसत नसेल तर माझं थांबायचं बटण दाबा. मला मुळीच राग येत नाही. सिनेमा कुठं पळून जात नाही, मी त्याला आहे तिथंच धरून ठेवतो. तोवर तुम्ही त्या माणसाला विचारा.