लाइन क्लिअर

मी एक जुनी पक्कड आहे. मला पाहिलंत तर तुम्ही आधी हसाल, कारण माझा एक जबडा शाबूत आहे आणि दुसरा मेणबत्तीसारखा वितळून वाकडा झाला आहे. आता माझ्याने साधा खिळासुद्धा उपटत नाही. पण मित्रांनो, हसून झालं की जरा बसा. तो जबडा कसा वितळला ते मला सांगायचं आहे. खरं सांगते, ते आठवलं की माझं लोखंड अजून गार पडतं.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवते ती लालभडक भट्टी, वरून पडणारे घाव आणि तेलात बुडवल्यावर अंगाची झालेली चर्रर्र. मग कोणीतरी माझ्या दोन्ही मुठींवर लाल रबर चढवलं आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते ढाणकीला, अय्यूबभाईंच्या दुकानात. अय्यूबभाई विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करून देत आणि पुढच्या फळीवर तारा, बटणं, पाने विकायला ठेवत. तिथे मी तीन महिने टांगलेली होते.

मला नेलं हिरासिंगने. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा हा माणूस. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडत. हिरासिंगला त्याच मुलुखात खांबाखांबाने हिंडायची नोकरी लागली होती. तो लाइनमन झाला होता. अय्यूबभाईंनी मला त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "इसको संभालना भाई. ये तेरेको संभालेगी." हिरासिंगने मला कपाळाला लावलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पुढची बारा वर्षं मी त्याच्या कमरेला होते. तार ओढायची, पिळायची, कापायची, एवढंच माझं काम. पण गावात लाइन आली की लोक ज्या नजरेने हिरासिंगकडे पाहत, ते पाहून माझीही छाती फुगायची. कोणी चहा आणायचं, कोणी ओंजळभर शेंगा द्यायचं. हालही झाले. पावसाळ्यात तो मला ओल्या पिशवीत विसरायचा आणि मला गंज चढायचा. कधी त्याची बायको सुखीबाई चुलीवरचं गरम पातेलं माझ्याने उतरवायची आणि मग घरात भांडण व्हायचं. ते दिवस चांगले होते.

त्यांची मुलगी वर्षा तेव्हा नववीत होती. एके संध्याकाळी ती वही घेऊन बापाजवळ येऊन बसली. शाळेतल्या मॅडमने सांगितलं होतं, रोजच्या बोलण्यातला एक इंग्रजी शब्द घ्या आणि आपल्याकडे त्याचे किती अर्थ होतात ते घरच्यांना विचारून लिहा. वर्षाने बापाच्या नोकरीतलाच शब्द घेतला होता, लाइन. घरातली लाइन जाते ती एक. राशन दुकानापुढे लोक उभे राहतात ती दुसरी. वहीवरची तिसरी, फोनची चौथी. बिघडलेलं पोरगं लाइनवर येतं ती पाचवी, शिकून कोणत्या लाइनले जाशील विचारतात ती सहावी. हिरासिंगच्या जोडीला काम करणारा उकंडा तिथेच बसला होता. त्याने पोरं पोरींना मारतात ती लाइनही सांगितली. सुखीबाईने डोळे वटारले म्हणून ती वहीत गेली नाही.

"अन् आमची लाइन क्लिअर लिही," हिरासिंग म्हणाला.

मग त्याने समजावलं. काम सुरू करण्याआधी उपकेंद्रातला माणूस वीज बंद करतो आणि फोनवर सांगतो, लाइन क्लिअर. म्हणजे तारेत काही नाही, खुशाल चढ. काम संपलं, माणसं उतरली, की लाइनमन त्याला उलट सांगतो, लाइन क्लिअर. म्हणजे तारेवर कोणी नाही, खुशाल सोड.

वर्षा लिहिता लिहिता थांबली. "बा, मंग हे तर उलटे अर्थ झाले. एकानं म्हटलं तर बंद, दुसऱ्यानं म्हटलं तर चालू."

हिरासिंग हसला. म्हणाला, बारा वर्षं झाली, अजून कोणाचा घोळ झाला नाही. मी तेव्हा खुंटीवर टांगलेली होते. मला मात्र त्या पोरीचं थांबणं आवडलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. हरभरा बोटभर उगवला होता. एका दुपारी उसाचा ट्रॅक्टर फकिरा नावाच्या शेतकऱ्याच्या शेताजवळून गेला आणि लोंबलेली तार वर रचलेल्या उसात अडकून तुटली. अकरा हजार व्होल्टची ती लाइन. चार गावांचं पाणी थांबलं आणि हिरासिंगचा फोन वाजू लागला. सरपंचाचा, गिरणीवाल्याचा, वरच्या साहेबाचा. खांबावर एकट्याने चढायचं नाही असा नियम आहे. पण उकंडा झरी जामणीकडे भाचीच्या लग्नाला गेलेला होता. हिरासिंग एकटाच निघाला.

उपकेंद्रात त्या दिवशी अतुल होता. नगरकडून आलेला, कामाला लागून वर्ष झालेला पोरसवदा माणूस. हिरासिंगने त्याला फोन केला, अतुलने वीज बंद केली आणि म्हणाला, लाइन क्लिअर.

आता मी जे सांगते ते सांगताना मला लाज वाटते, कारण मी त्याचं हत्यार आहे. चढण्याआधी तारांवर एक साखळी टाकायची असते. तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधतात. चुकून वीज आलीच, तर ती साखळीवाटे जमिनीत उतरते आणि वरचा माणूस वाचतो. ती साखळी गाडीच्या पिशवीत होती. जमीन टणक झाली होती, सळई ठोकायला पाव तास लागला असता, आणि फोन पुन्हा वाजत होता. हिरासिंगने पिशवीकडे पाहिलं आणि तो तसाच खांबाकडे वळला.

खाली शेताचा मालक फकिरा उभा होता. साठीचा, भला माणूस. हिरासिंगने आपला फोन त्याच्या हातात दिला. "काका, माहा फोन धरा. वर वाजला की हात सुटते. उपकेंद्राचा आला तर म्हणजा, हिरासिंग वर आहे."

फकिराने मान हलवली आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

काम चांगलं चाललं होतं. तुटलेली टोकं जोडून झाली होती. हिरासिंग पट्ट्याने खांबाला बांधून घेऊन बारीक तारेने मोठी तार चिमणीला, म्हणजे खांबावर तार धरणाऱ्या चिनीमातीच्या गट्टूला, आवळत होता. त्या बारीक तारेचं टोक माझ्या जबड्यात होतं. तेवढ्यात खाली फोन वाजला.

"हालो," फकिराचा आवाज आला. "हालो. आवाज कटून राह्यला भाऊ. थांबा." तो बोलत बोलत धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर, चढला. थोडा वेळ काहीच नाही. मग तो मोकळ्या आवाजात म्हणाला, "हो, आता क्लिअर हाय. लाइन एकदम क्लिअर हाय. बोला."

हिरासिंगचा हात थांबला. रबरातूनही मला कळलं की त्याचा तळवा क्षणात थंडगार पडला आहे.

मित्रांनो, उपकेंद्रातल्या फोनपासून बटणापर्यंत बारा पावलं आहेत. ती कितीदा मोजलेली असतील हिरासिंगने. फकिराला हाक मारायची, त्याला समजावायचं, त्याने परत फोन लावायचा, एवढं बारा पावलांत होत नाही. खांबावरून उतरणंही होत नाही. त्याने एकच गोष्ट केली. बोटं उघडून मला सोडलं, पायांनी खांबाला रेटा दिला आणि पट्ट्यावर भार टाकून स्वतःला मागे, खाली लोटून दिलं. "काका, नाही म्हणा त्यायले," एवढं त्याच्या तोंडून निघालं.

फकिराने वर पाहिलं. त्याला काही समजलं नव्हतं. फोन तोवर कटला होता.

मी त्या पिळलेल्या तारेत अडकून लटकत राहिले. माझी एक मूठ खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीला टेकली होती. शेतात वारा नव्हता. कुठेतरी व्हला पक्षी घुमत होता. मी वाट पाहत होते. कशाची, ते मला माहीत होतं. तेवढी भीती मला भट्टीतही वाटली नव्हती.

मग ती आली. आधी आवाज नाही, फक्त पांढरं. सगळं पांढरं. मग खांब हादरला, माझं रबर पेटलं आणि जबडा पाघळला. वीज माझ्यातून पट्टीत, पट्टीतून खांबात, खांबातून जमिनीत गेली. एवढा झटका बसल्यावर उपकेंद्रातली यंत्रणा आपोआप बंद पडली. मी तुटून खाली हरभऱ्यात पडले.

हिरासिंग पट्ट्याला उलटा लटकत होता. त्याची डावी बाही जळत होती. फकिरा धावत खांबापाशी आला आणि दोन हातांवर थांबला. खांबाला हात लावावा की लावू नये, हेच त्याला कळेना. वर माणूस, खाली माणूस आणि मधे तो खांब. मग त्याने तोच नंबर लावला आणि तेवढंच म्हणत राहिला, "सोडू नका. माणूस वर हाय. माणूस वर हाय."

नंतर कळलं, की ते ऐकून अतुलने पॅनेलला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि तो तिथेच फरशीवर बसला. त्याने विचारलं होतं, लाइन क्लिअर आहे का, सोडू का. तुटक आवाजात फकिराला पहिलं तेवढंच ऐकू आलं. त्याला वाटलं, फोनचं विचारतात. आणि इकडचा भारदस्त आवाज अतुलला हिरासिंगचा वाटला.

हिरासिंगला गावकऱ्यांनी खाली उतरवलं. तो वाचला. यवतमाळच्या दवाखान्यात तो दीड महिना होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली. पण घरी आला तो निराळाच माणूस; मी तेव्हा फकिराकडे होते, तिथलं सगळं मला मागाहून कळलं. ट्यूबलाइट लुकलुकली तरी उठून उभा राहायचा. घरातली बटणं सुखीबाईच दाबायची, तीही आधी सांगून. फकिराचं नाव निघालं की तो भिंतीकडे तोंड करायचा. म्हातारा मले मारून राह्यलता, एवढंच म्हणायचा. तिकडे फकिराने फोनला हात लावणं सोडलं होतं. त्याची बायको रुक्माबाई एकदा येऊन सुखीबाईपाशी रडून गेली, की ते धड जेवत नाहीत.

एकदा वर्षा बापाच्या हाताला मलम लावत होती. ती खाली मान घालूनच बोलली. "बा, फकिराकाका खोटं नाही बोलले. फोन क्लिअर झाला, तं क्लिअर म्हणले. तो शब्द तुमचा आहे, हे त्यायले कोणी सांगितलंतं?"

हिरासिंगने मलम लावलेला हात हळूच मागे घेतला. मग म्हणाला, "साखळी मीच टाकली नाही." हे त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. सुखीबाई दारात उभी होती. ती आत निघून गेली, आणि तिच्या रडण्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बापलेक फकिराकडे गेले. फकिराने मला फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्याने मला बाजेवर ठेवलं, पण नजर वर केली नाही. "मले वाटलं, फोनचं इचारून राह्यला," तो म्हणाला.

"मी खाली असतो तं मलेही तसंच वाटलं असतं, काका," हिरासिंग म्हणाला.

रुक्माबाईने चहा आणला. चौघेही तो सोबत बसून प्यायले.

पुढे अतुलही आला. अंगणात बसला, डोळे पुसले आणि म्हणाला की तो आवाज मी ओळखायला हवा होता. तेव्हापासून त्या भागात नुसतं लाइन क्लिअर कोणी म्हणत नाही. जो चढला त्यानेच, स्वतःच्या तोंडाने, नाव आणि खांबाचा नंबर घेऊन सांगायचं, मी उतरलो, माझ्या जोडीचा उतरला. उपकेंद्रातल्या माणसाने तेच शब्द परत म्हणायचे, मग पाऊल उचलायचं. आणि साखळीशिवाय कोणी खांबाला हात लावत नाही.

हिरासिंग फाल्गुनात पुन्हा चढला. दोनदा अर्ध्यातून उतरला. खाली बसून तो पाणी प्यायला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा खाली उकंडा होता, तारेवर साखळी होती, आणि कमरेला नवी पक्कड होती. मी पिशवीत होते. मला वाईट वाटलं नाही.

आता मी कामावर आलेल्या नव्या मुलामुलींच्या प्रशिक्षण वर्गात टेबलावर असते. हिरासिंग मला एकेकाच्या हातात देतो. जो तो माझ्या जबड्यावरून बोट फिरवून पाहतो. परवा एका मुलीने विचारलं, सर, तुम्हाला आता भीती वाटत नाही का.

"लागते. रोज भेव लागते," हिरासिंग म्हणाला. "ज्या दिवशी लागणार नाही, त्या दिवशी मी खालीच थांबीन."

मित्रांनो, तुम्ही काही खांबावर चढणार नाही. पण फोन तुम्हीही उचलता आणि घाईत हो म्हणून टाकता. समोरच्याने नेमकं काय विचारलं, ते एकदा त्याच्याच तोंडून परत ऐकून घ्या. त्यात कोणाला कमीपणा नाही. तुम्हाला दिसत नसेल, पण वर कोणीतरी असू शकतं.